मारबतीसोबत गेलेला मावा

माणसं कुत्रं पाळतात, पोपट पाळतात, फार झालं तर काचेच्या पेटीत मासे पाळतात. मी मावा पाळला होता. मावा म्हणजे पिकाच्या कोवळ्या शेंड्यांना चिकटून रस पिणारे ते हिरवे बारीक किडे, ज्यांच्या नावानं शेतकरी बोटं मोडतो. त्यांच्यासाठी मी नंदनवनातल्या आमच्या घराची मागची खोली रिकामी केली होती. खिडकीला बारीक जाळी ठोकून घेतली, एसी लावला, आणि आम्ही नवरा-बायको पुढच्या खोलीत कूलरच्या खडखडाटात झोपत होतो. सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या की आमची सून माणसांना कूलर देते आणि किड्यांना एसी. सांगताना हसायच्या, पण ते हसू काही खरं नसायचं.

माझं काम लसूणघासाचं. मेथीसारख्या तीन-तीन पानांचा हा चारा. एकदा पेरला की तीन-चार वर्षं कापत राहायचा, कापला की पुन्हा फुटतो. गाय ओला खाते आणि वाळवून ठेवला तर वाळलेलाही आवडीनं खाते. आमच्याकडच्या मे महिन्यात बांधावर हिरवं पान दिसत नाही, तेव्हा गोठेवाल्याला हाच वाळलेला घास तारतो. आणि नेमका त्याच्यावर मावा पडतो. शेंडे आकसतात, पानं चिकट होतात, त्या चिकटावर काळी बुरशी धरते. असा घास वाळवला की कुबट वासाचा काळा कचरा हाती येतो आणि जनावर त्याला तोंडही लावत नाही. औषध मारायचं म्हणावं, तर आज फवारलेलं उद्या गाईच्या पोटात आणि परवा आपल्या चहात. म्हणून ज्याच्यावर मावा टिकणारच नाही असं वाण काढायचं, ह्या एका कामात मी केस पांढरे केले.

ह्या कामाची रीत ऐकली की लोक माझ्याकडे कसायाकडे बघावं तसं बघतात. ट्रेमध्ये हजारो रोपं उगवायची. ती बोटभर झाली की त्यांच्यावर मावा सोडायचा, सगळ्यांवर सारखा, हात आखडता न घेता. मग काही करायचं नाही. रोज जाऊन कोण मेलं ते बघायचं. जवळपास सगळी मरतात. जी चार-दोन तग धरतात ती जपून वाढवायची, त्यांच्या फुलांचा आपसात हातानं संकर करायचा, बी धरायचं, आणि त्या बियांची रोपं पुन्हा माव्याच्या तोंडी द्यायची. मूळकुजीसाठी अशीच वेगळी फेरी, पानांवरच्या तांबेऱ्यासाठी वेगळी. खरं म्हणजे माझ्यासारख्या बाईनं हे काम घ्यायलाच नको होतं. दूध तापेपर्यंत मला गॅससमोर उभं राहवत नाही. भाजी चिरता चिरता मी फोन लावते, फोन लागेस्तोवर चप्पल घालून दारात पोचते. नवरा म्हणतो, तू झोपेतसुद्धा कुठे तरी निघालेली असतेस.

हिवाळ्यात आभाळ भरून आलं की आमच्याकडे सगळे हळहळतात. तुरीचं काय होईल, हरभऱ्याचं काय होईल, संत्र्याचा बहार टिकेल का. मी मात्र मनातून खूश व्हायचे, कारण ढगाळ हवेत मावा वाढतो. माहेरी शेती आहे, तिथे हे बोलायची सोय नव्हती. पण आभाळाच्या भरवशावर चाचणी होत नाही. यायचा तेव्हा मावा येत नाही, आला तर शेताच्या एका कोपऱ्यात येतो आणि दुसरा कोपरा कोरडा राहतो. म्हणून पाळीव मावा लागतो. माझा मावा मी कामठीकडच्या गोठेवाल्यांच्या शेतांतून जमवला होता. जिथे घासाची पार वाट लागली असेल तिथे जायचं आणि सगळ्यात जास्त खादाड किडे डबीत भरून आणायचे. घास मेला म्हणून कपाळाला हात लावून बसलेल्या माणसाला मी विचारायचे, थोडा मावा नेऊ का? एकानं तर मला हात जोडले आणि सगळाच घेऊन जा म्हणाला.

आधी हा मावा आमच्या चारा संशोधन केंद्राच्या थंड खोलीत होता. ती खोली बिघडली, आज दुरुस्त होईल उद्या होईल म्हणत उन्हाळा तोंडावर आला, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात मावा एक दिवस जगत नाही. मी माव्यानं भरलेल्या घासाच्या कुंड्या केंद्राच्या गाडीत घातल्या आणि घरी आणल्या. पावसाळा लागला तरी खोली काही दुरुस्त झाली नाही. पावसाळ्यात हा मावा पावसानं धुवून जातो, शेतात शोधून सापडत नाही, त्यामुळे होता तो सगळा आमच्या मागच्या खोलीत होता. ऑक्टोबरात शेवटची चाचणी होती. ती पार पडली की माझं बी दुसऱ्या राज्यांतल्या केंद्रांकडे तुलनेसाठी जाणार होतं, पिशव्या भरून तयार होत्या. माझ्या उरलेल्या नोकरीत अशी आणखी एक फेरी बसत नव्हती. मावा नाही तर चाचणी नाही आणि चाचणी नाही तर वाण नाही, इतका साधा हिशोब होता तो.

घरात आणखी एक बिऱ्हाड होतं, गच्चीवर. इतक्या फेऱ्यांमधून वाचलेली झाडं मी तिथे प्लास्टिकच्या छपराखाली कुंड्यांत ठेवली होती, कारण पावसाळ्यात शेतातल्या काळ्या मातीत पाणी तुंबलं की लसूणघासाची मुळं कुजतात. त्यांतल्या सगळ्यात जुन्या झाडाला मी थोरली म्हणायचे. पुढच्या फेऱ्यांतलं जवळपास प्रत्येक चांगलं रोप तिच्या बियांचं किंवा तिच्या फांदीपासून केलेलं. थोरलीवर मावा टिकत नसे. सोंड लावायचा, काढायचा, पुढे सरकायचा, पुन्हा लावायचा, आणि असा वणवण फिरून उपाशी मरायचा. मी हे भिंगातून तासन् तास बघितलंय. माझ्याच्यानं एका जागी बसवतं ते फक्त हे बघताना.

सासूबाईंना मागच्या खोलीचा राग होता, पण थोरलीचा लळा होता. आयुष्यभर शेतात राबलेली बाई, झाड बघितलं की हात लावल्याशिवाय राहवायचं नाही. गुडघे दुखायला लागल्यापासून त्या गच्चीवर येत नसत, तरी खालून विचारायच्या, थोरली कशी हाय वं? मी म्हणायचे, मजेत. मग त्या म्हणायच्या, तिले जप, बाकीच्या रोगट पोरींत नको ठेवू. मागच्या खोलीतल्या झाडांना आमच्या घरात रोगट हाच शब्द होता आणि तो मीच आणला होता. कोणी दार उघडू नये म्हणून मी सारखी बजावत असे, तिकडे जाऊ नका, सगळं रोगट आहे.

त्या वर्षी श्रावणात नवऱ्याला चिकनगुनिया झाला. ताप उतरला पण सांधे धरले ते सुटेनात. सकाळी उठला की बोटं मिटत नसत, चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून प्यायचा. औषध चालू होतं, डॉक्टर म्हणायचे वेळ लागतो. मला त्याची काळजी होती, नाही असं नाही. पण मी काळजी करते तीही धावतपळत. गोळ्या उशाशी ठेवायचे, कपाळाला हात लावायचे आणि निघायचे. बसून राहायच्या त्या सासूबाई. त्याचे गुडघे तिळाच्या तेलानं चोळायच्या आणि मागच्या खोलीच्या दाराकडे बघत राहायच्या. मला ते दिसत होतं. त्याचा अर्थ लावायला मी थांबले नाही.

मग पोळा आला. नागपूरच्या बाहेरच्यांना सांगायला हवं, आमच्याकडे पोळ्याला दाराच्या दोन्ही बाजूंना पळसाच्या फांद्या लावतात, त्यांना मेढे म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मेढे घरभर फिरवून बाहेर काढायचे आणि वस्तीच्या वेशीवर नेऊन टाकायचे. घरातला रोग, किडामुंगी, माशी, डास, सगळं त्यांच्यासोबत जातं. त्याच दिवशी शहरात मारबत निघते, पिवळी आणि काळी, बाईच्या आकाराच्या मोठ्या मूर्ती, आणि गल्लोगल्लीचे बडगे, म्हणजे लोकांना ज्याचा राग आलाय त्याचे पुतळे. सगळं शहर इतवारीत लोटतं आणि ओरडतं, रोगराई घेऊन जा गे मारबत. मी लहानपणापासून ओरडत आलेय. त्या वर्षी ओरडले नाही इतकंच, कारण मी सकाळीच केंद्राच्या शेतावर गेले होते. रात्री जोराचा पाऊस झाला होता आणि पाणी तुंबलं असेल ह्या विचारानं मला चहा गोड लागेना. सुट्टीच्या दिवशी कशाला जातेस, म्हणून नवऱ्यानं विचारलं. मी उत्तर दिलं ते गाडी सुरू करत, त्याला ऐकू गेलं नसणार.

परत आले तेव्हा घरात फिनेलचा वास येत होता. मागच्या खोलीचं दार सताड उघडं, एसी बंद, खिडकी उघडी, फरशी ओली. कुंडी एकही नाही. मी उगाच मोरीत बघितलं, दाराआड बघितलं.

सासूबाई देवापाशी होत्या. मी विचारलं, त्यांनी शांतपणे सांगितलं. मेढे काढताना घरातला सगळा रोग बाहेर काढला. गल्लीतल्या पोरांचा बडगा टेम्पोत चढत होता, त्यांनाच हाक मारून कुंड्या उचलायला लावल्या. एवढ्या वजनाच्या कुंड्या त्यांच्याच्यानं कुठे उचलवणार होत्या!

"तूच तं म्हनत होती, सारं रोगट हाय म्हनून," त्या म्हणाल्या. "पोरगा मईनाभर कन्हून राहिला अन् आपन घरातच रोग पोसून राहिलो. मले नाई पाहवलं वं."

माझं डोकं फिरलं. मी काय बोलले ते सगळं लिहीत नाही. तुम्हाला कळतं का काही, हे बोलले. तुमच्या ह्या मेढ्यांपायी माझा जन्म मातीत गेला, हेही बोलले. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांच्या हातातली उदबत्ती विझून गेली होती. खाटेवरून नवऱ्यानं एकदाच हाक मारली, जोरात, फक्त माझं नाव. मी भिंग घेतलं, डबी घेतली आणि गाडीला किक मारली.

टेम्पो जाऊन तास झाला होता. जगनाडे चौकापर्यंत गाडी निघाली, पुढे वाहतूकच वळवलेली. मी फुटपाथवर गाडी लावली आणि चालत सुटले, चालत कसली, जवळजवळ पळतच. लकडगंजातल्या लाकडाच्या वखारी बंद होत्या, रस्ताभर माणसंच माणसं, सगळ्यांची तोंडं इतवारीकडे. ऊन पडलं होतं, रात्रीच्या पावसानं नुसती वाफ निघत होती. मला प्रत्येक पावलागणिक वाटत होतं, आता ते तापले, आता ते मेले. मावा किती वेळ तग धरेल ह्याचा हिशोब मांडत होते आणि तो दर वेळी वेगळा येत होता. एका वळणावर एक टेम्पो दिसला, त्याच्यामागे धावले, तो दुसऱ्याच गल्लीचा निघाला. ढोल वाजत होते, पोरं गुलाल उधळत होती आणि सगळीकडून तीच आरोळी, घेऊन जा गे मारबत. एका बाईनं मला मागं खेचलं, म्हणाली, मावशी, चेंगराल, इथूनच बघा. तिला काय सांगणार होते मी? की मारबतीनं नेलेलं परत मागायला आलेय?

आमचा टेम्पो सापडला तो आमच्या गल्लीतल्या नळवाल्यामुळे. आमच्या घरचे गळके नळ वर्षानुवर्षं तोच बदलतो. तो टेम्पोच्या मागच्या फळीवर उभा होता, डोक्यापासून पायापर्यंत गुलाबी. त्यानंच मला ओळखलं आणि हात देऊन वर घेतलं. कुंड्या बडग्याच्या पायाशी रचलेल्या होत्या. महागाईचा बडगा होता त्यांचा, कागदाचं पोट फुगवलेला. कुंड्यांवर पोरं पाय देऊन उभी होती. दोन-तीन फुटल्या होत्या. झाडं वाकून लोळत होती आणि सगळ्यांवर गुलालाचा थर. मी तिथेच फतकल मारली आणि भिंग डोळ्याला लावलं.

एकेक शेंडा उलटून बघितला. गुलालात माखलेले, सुकून वळलेले किडे. बोट लावलं की गळून पडत होते. मी पानामागून पान बघत होते, ढोल माझ्या कानाशी वाजत होता, पोरं वरून वाकून बघत होती की ही बाई काय शोधतेय. एखादा पाय हलतोय असं वाटायचं, तो टेम्पोचा हादरा असायचा. नळवाल्यानं ढोल थोडा वेळ थांबवायला लावला. मी शेवटची कुंडी बघून बाजूला ठेवली तेव्हा माझे हात गुलाबी झाले होते आणि मला रडू फुटलं. लोकांना वाटलं असेल, भक्तीनं रडते.

निदान झाडं तरी न्यावी म्हणून मी एक कुंडी उचलली. आजवर कधी कशाला नाही म्हणाला नव्हता तो नळवाला, पण तेव्हा मध्ये आला.

"वहिनी, आज घरातून काढलेलं परत नाही नेत जी," तो म्हणाला. "साहेब आजारी आहेत ना घरी."

मी ह्यातलं काही मानत नाही. तरी मी ती कुंडी खाली ठेवली. माव्याशिवाय ती नेऊन करणार तरी काय होते, असं मी स्वतःला सांगितलं.

घरी कशी आले ते आठवत नाही. मनात एकाच वेळी पन्नास गोष्टी चालू होत्या. कोणाकडे असा मावा असेल, कुठल्या थंड हवेच्या ठिकाणी आत्ता सापडेल, चाचणी पुढे ढकलता येईल का, कोणाला फोन करू. दोघा-तिघांना रस्त्यातूनच केलेही. एकानं उचलला नाही, एक म्हणाला जानेवारीत बघू. जानेवारीत! वर कोणाला काय सांगायचं, सासूनं मारबतीला देऊन टाकला म्हणून? अख्ख्या देशात हसतील. आणि ह्या सगळ्याच्या खाली ती विझलेली उदबत्ती होती, ती काही डोळ्यांपुढून हलत नव्हती.

सासूबाई पायरीवर बसल्या होत्या. दुपार टळली होती. त्यांनी माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं आणि मान खाली घातली. मी त्यांच्या बाजूनं आत गेले. बोलायला हवं होतं, पण तोंड उघडलं असतं तर पुन्हा सकाळचंच बाहेर पडलं असतं, अशी मला भीती वाटली. आत नवरा भिंतीला टेकून बसला होता.

"आईनं सकाळपासून पाणी घेतलं नाही," तो म्हणाला. "मी म्हटलं तिला, देऊनच टाकायचं होतं तर मलाच द्यायचं होतं टेम्पोत, सुटलो असतो. हसलीसुद्धा नाही."

मी तिथे उभी राहू शकले नाही. स्वयंपाकघरात गेले, झाकलेल्या पुरणपोळ्या बघितल्या, बाहेर आले, पुन्हा आत गेले. बाहेर गल्लीत तान्ह्या पोळ्याची गडबड सुरू झाली होती, पोरं लाकडी बैल ओढत दारोदार फिरत होती. आमच्या दाराशी येऊन ती थांबत होती, सासूबाई जागच्या हलत नव्हत्या, मग पोरं पुढे जात होती. दर वर्षी ह्याच बाई पोरांच्या बैलांना ओवाळून मूठभर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, दिल्याशिवाय सोडत नाहीत. मला ते बघवेना. मी पाणी घालायचं निमित्त करून गच्चीवर गेले.

वर छपराच्या सावलीत गार वाटत होतं. मी झारी भरली आणि एका टोकापासून पाणी घालत निघाले, लक्ष नव्हतंच. थोरलीपाशी आले. तिच्या शेंड्यापाशी एक पान किंचित आत वळलेलं दिसलं. मी ते सवयीनं उलटलं.

मावा होता. जिवंत, हिरवागार, चार-दोन नाही, शेंड्याला गच्च लागलेला.

मी खरंच ओरडले. झारी हातातून पडली. मागच्या खोलीत गर्दी झाली की माव्याला पंख फुटतात, तसे काही उडून आले असतील, नाहीतर माझ्याच ओढणीला चिकटून वर आले असतील, काय का असेना, होते! माझी चाचणी होती, ऑक्टोबर होता, बियांच्या पिशव्या होत्या. मी डबी काढली, भिंग काढलं. म्हटलं नीट बघून उचलावेत, चांगले धडधाकट.

भिंगात एक मोठी मादी दिसली. सोंड खुपसून स्वस्थ बसलेली. तिच्या भोवती तिची पिल्लं, पारदर्शक, कालपरवा जन्मलेली, तीही सोंड लावून बसलेली. मी तिला काडीनं डिवचलं. ती हलली नाही. दुसरी बघितली, तिच्याभोवतीही पिल्लं. कोणी फिरत नव्हतं, कोणी सोंड काढत नव्हतं. एक तर माझ्या डोळ्यांदेखत व्याली.

थोरलीवर. जिच्यावर मावा टिकत नाही म्हणून मी इतकी वर्षं छाती पुढे काढून फिरले, जिच्या लेकी-नाती पिशव्यांत भरून दारोदार जायला तयार होत्या, तिच्यावर मावा घर करून बसला होता. माव्याची नवी जात उपजली होती, थोरलीला पचवणारी, आणि ती बहुतेक माझ्याच घरात, माझ्याच एसीत उपजली होती. आमच्या धंद्यात हे होतं. दुसऱ्यांचं झालं की आम्ही माना हलवतो. शेजारच्या कुंडीत थोरलीची फांदी लावलेली होती, ती बघितली, तिच्यावरही होता. बाकीच्यांकडे मी त्या संध्याकाळी बघितलंच नाही. हिंमत झाली नाही. मी ओल्या गच्चीवर बसले आणि पहिल्यांदाच दिवसभरात मला कुठे जायचं आहे असं वाटेना.

जिन्यात पावलं वाजली. एक पायरी, थांबणं, पुन्हा एक पायरी. सासूबाई कठडा धरून वर येत होत्या. माझी ओरड त्यांनी ऐकली होती. वर पोचल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती, बोलता येत नव्हतं, आणि त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"भेटला का वं?" त्यांनी विचारलं.

"भेटला," मी म्हटलं.

त्यांनी पदर तोंडाला लावला आणि रडल्या. मी उठून त्यांना धरलं. सकाळपासून ही बाई पायरीवर काय घेऊन बसली असेल ते मला तेव्हा कळलं, आणि मला माझी इतकी लाज वाटली की थोरलीचंसुद्धा क्षणभर विसरले. त्या कुठे आहे म्हणून विचारत होत्या. मी त्यांना थोरलीजवळ नेलं आणि शेंडा दाखवला. त्यांनी डोळे बारीक करून बघितलं, बोटानं पान हलकेच उचललं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"पाह्य बाप्पा," त्या म्हणाल्या. "साऱ्यायले मीनं हाकलून देल्लं, अन् थोरलीनं तुयासाठी सांभाळून ठेवला."

मी हो म्हटलं.

"म्हंजे माया हातून काई वाईट नाई झालं नं?"

"नाही आई. तुमच्या हातून काहीच नाही झालं."

ते अगदी खरं होतं. त्यांनी कुंड्या काढल्या नसत्या तर मी त्याच जुन्या माव्यावर चाचणी घेतली असती, थोरलीच्या लेकी पास झाल्या असत्या, बी देशभर गेलं असतं, आणि कोण्या गोठेवाल्याच्या शेतात हा नवा मावा आम्हाला भेटला असता. हे त्यांना सांगून काय उपयोग होता? त्या माझा खांदा धरून एकेक पायरी उतरल्या. खाली गेल्या गेल्या पोरांना हाक मारून बोजारा वाटला, मग माझ्या पानात पुरणपोळी वाढली, वर तूप घातलं आणि समोर बसल्या. मी दोन पोळ्या खाल्ल्या, त्याही खात होत्या म्हणून.

जेवण झाल्यावर मी मागच्या खोलीची खिडकी बंद केली, जाळी नीट लावली, एसी सुरू केला. हा नवा मावा आता जपायला हवा होता, पुढचं सगळं त्याच्यावरच पुन्हा पहिल्यापासून करायचं होतं, मी नाही तर माझ्या मागून येणाऱ्यानं. आणि तो जगवायचा तर त्याला खायला लागणार होतं. मी वर गेले, थोरलीची कुंडी उचलली, खाली आणली आणि त्या खोलीत मधोमध ठेवली.